विझार्ड कसा खेळायचा आणि गुणांवरून भांडण कसं टाळायचं

विझार्ड हा पत्त्यांचा खेळ शिकायला दहा मिनिटं लागतात. वाद मात्र पंधराव्या डावापर्यंत चालू राहतात. जादूगार आधी की हुकूम आधी, विदूषकाने उतारी केली तर रंग कुठला, तीन बोलून पाच हात केले तर निदान वीस गुण तरी मिळतात का, असे ते वाद. बहुतेक घरांत नियमांचा कागद पहिल्या आठवड्यातच गहाळ झालेला असतो आणि मग ज्याचा आवाज मोठा त्याचा नियम चालतो. म्हणून इथे खेळ पहिल्यापासून सांगतो, आणि जिथे हमखास अडतं तिथे जरा जास्त वेळ थांबतो.

हा खेळ कॅनडातल्या टोरांटोच्या केन फिशर यांनी 1984 साली तयार केला. पत्त्यांतलं जजमेंट खेळलेल्यांना त्याची चाल ओळखीची वाटेल. हातात पानं आली की आपले किती हात (सगळ्यांचं एकेक पान पडलं की एक हात) होतील ते आधी बोलायचं आणि बरोब्बर तेवढेच करायचे. यात जादूगार आणि विदूषक अशी दोन प्रकारची पानं जास्तीची असतात, आणि सगळी गंमत तीच करतात.

पत्ते

एकूण साठ पत्ते. चार रंग, प्रत्येकात तेरा पानं, म्हणजे बावन्न. वर चार जादूगार आणि चार विदूषक. काही संचांत नेहमीचे इस्पिक, बदाम, चौकट, किलवर असतात आणि एक्का सगळ्यात मोठा धरतात. काहींत निळा, लाल, हिरवा, पिवळा असे रंग आणि 1 ते 13 आकडे असतात. तिथे 13 मोठा आणि 1 लहान. एक्क्याच्या सवयीने 1 मोठा धरणारा एकतरी भिडू भेटतोच, त्याला आधीच सांगून ठेवा.

संच नसेल तर पाठ सारखी असलेले दोन साधे जोड घ्या. एक जोड पूर्ण, आणि दुसऱ्यातली कुठलीही आठ पानं घेऊन चारांवर ‘जा’ आणि चारांवर ‘वि’ असं ठळक लिहा. पाठीवर शाई उमटलेली नाही ना, ते बघा.

किती जण, किती डाव

तीन ते सहा जण खेळू शकतात. पहिल्या डावात प्रत्येकाला एक पान, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, असं वाढत साठही पत्ते संपेपर्यंत. म्हणजे साठाला भिडूंच्या संख्येने भागा: तिघांत 20 डाव, चौघांत 15, पाच जणांत 12, सहा जणांत 10. तिघांचा खेळ भलताच लांबतो. हात मोजले तर तिघांत 210 भरतात आणि सहा जणांत फक्त 55. माझ्या मते चार किंवा पाच जण हा बेत सगळ्यात जमतो.

दर डावाला वाटणारा बदलतो, डावीकडे सरकत. पत्ते नीट पिसा. शेवटच्या डावांत एकेका रंगाची पानं एकत्र गोळा झालेली असतात, आणि वरवर पिसलं तर एकाच्याच हातात सगळे हिरवे येतात.

हुकूम ठरवणं

पानं वाटून झाली की उरलेल्या गड्डीतलं वरचं पान उलटं करून उघडं ठेवायचं. त्याचा रंग हुकूम. विदूषक निघाला तर त्या डावाला हुकूमच नाही. जादूगार निघाला तर वाटणाऱ्याने आपली पानं बघून चार रंगांपैकी एक हुकूम सांगायचा, तोही बोली सुरू व्हायच्या आधी. शेवटच्या डावात सगळे पत्ते वाटले जातात, उलटं करायला पान उरत नाही, म्हणून तो डाव कायम बिनहुकमी.

बोली

वाटणाऱ्याच्या डावीकडच्याने सुरुवात करायची, वाटणारा शेवटी. प्रत्येकाने आपले किती हात होतील तो आकडा बोलायचा. शून्यही चालतो. आकडा बोलला की लगेच वहीत उतरवा, आणि वही सगळ्यांना दिसेल अशी ठेवा. ‘मी दोन म्हणालो होतो’ आणि ‘नाही, तू एक म्हणालास’ हे भांडण याच टप्प्यावर जन्माला येतं आणि पाच हात झाल्यावर उघडकीला येतं.

बोलींची बेरीज हातांच्या संख्येइतकी असली पाहिजे असं काही नाही. उलट अनेक जण असा जास्तीचा नियम लावतात की वाटणाऱ्याने बोललेल्या आकड्याने बेरीज नेमकी जुळता कामा नये. पाच हातांच्या डावात आधीच्या तिघांनी मिळून चार बोललं असेल, तर वाटणाऱ्याला एक बोलता येत नाही. म्हणजे कुणा ना कुणाचं गणित बिघडणारच. मला हा नियम आवडतो, पण लहान मुलं बरोबर असतील तर पहिल्या दोन-तीन खेळांत नको. त्यांना शेवटी बोलायचं म्हणजे शिक्षाच वाटते.

पान टाकणं

पहिली उतारी वाटणाऱ्याच्या डावीकडच्याची, पुढे ज्याचा हात झाला त्याची. उतारीच्या रंगाचं पान असेल तर तेच द्यायचं. नसेल तर हुकमाने कापा किंवा कुठलंही पान टाका. पण जादूगार आणि विदूषक केव्हाही टाकता येतात, उतारीचा रंग हातात असला तरी. नव्या भिडूंचा यावर विश्वास बसत नाही, तो बसेपर्यंत दोन डाव जातात.

हात कोणाचा? जादूगार पडला असेल तर जादूगाराचा, आणि दोन-तीन पडले असतील तर त्यात जो आधी पडला त्याचा. जादूगार नसेल तर सगळ्यात मोठ्या हुकमाचा. हुकूमही नसेल तर उतारीच्या रंगातल्या मोठ्या पानाचा. विदूषक सगळ्यांपेक्षा लहान.

आता अडणाऱ्या जागा.

जादूगाराची उतारी झाली तर बाकीच्यांवर रंगाचं बंधन नाही, हात त्याचाच. पण जादूगार मधेच पडला, समजा निळ्याची उतारी झाली आणि दुसऱ्याने जादूगार टाकला, तर तिसऱ्या-चौथ्याला निळं पान असेल तर निळंच द्यावं लागतं. जादूगाराने हात नेला म्हणून उतारीचा रंग पुसला जात नाही.

विदूषकाची उतारी झाली तर पुढे जे पहिलं रंगाचं पान पडेल तो उतारीचा रंग. विदूषकावर विदूषक पडला तर आणखी पुढचं पान बघायचं. सगळ्यांनीच विदूषक टाकले तर पहिला विदूषक हात नेतो. विदूषक चारच असल्यामुळे हे फक्त तिघांत किंवा चौघांत घडू शकतं, आणि घडलं की शून्य बोललेला भिडू गुपचूप एक पान टाकून एक हात घेऊन बसलेला असतो.

आणि विदूषकाच्या उतारीवर लगेच जादूगार पडला तर? आमच्याकडे परवा हेच झालं. भाचीने शून्य बोलून विदूषकाने उतारी केली, पुढच्याने जादूगार टाकला, आणि तिसऱ्या जागेवर बसलेला तिचा भाऊ पानं हातात धरून थांबला.

“मामा, आता रंग कुठला?”

“रंगच नाही. काय हवं ते टाक.”

त्यानेही शून्यच बोललं होतं. त्याने शांतपणे हुकमाचं तेरा टाकलं आणि हात झटकले. जे पान त्याला पुढे नक्की एक हात गळ्यात मारणार होतं, ते दुसऱ्याच्या जादूगाराखाली गेलं. भाची तोंड पाडून म्हणाली, “हे कुणी सांगितलं नव्हतं!” आता दोघंही जादूगार पडायची वाट बघत मोठी पानं जपून ठेवतात.

गुण

इथे मन लावून वाचा. जेवढं बोललात बरोब्बर तेवढेच हात केलेत तर 20 गुण, वर प्रत्येक हाताचे 10. चुकलात तर जेवढ्या हातांनी चुकलात त्या प्रत्येकामागे 10 वजा. जास्त झाले काय, कमी झाले काय, वजाबाकी सारखीच. आणि चुकलेल्याला केलेल्या हातांचे गुण मिळत नाहीत. तीन बोलून पाच केले तर वीस नाही, पन्नास नाही, उणे वीस.

चौघांतला पाचवा डाव घेऊ. बोली अशा: दोन, एक, शून्य, दोन. हात झाले असे: दोन, शून्य, एक, दोन. पहिल्याला 40, दुसऱ्याला उणे 10, तिसऱ्याला उणे 10, चौथ्याला 40. झालेल्या हातांची बेरीज पाचच भरते ना, हे डाव संपल्यावर दरवेळी मोजा. ती जुळली नाही तर कुणीतरी हात मोजायला चुकलंय, आणि गुण मांडायच्या आधी ते सापडणं सोपं.

एकूण बेरीज शून्याच्या खाली जाऊ शकते, ती तशीच मांडायची. वहीत प्रत्येकाच्या नावाखाली दोन रकाने ठेवा: एकात बोली, दुसऱ्यात आतापर्यंतचे एकूण गुण. फक्त त्या डावाचे गुण लिहून शेवटी पंधरा आकड्यांची बेरीज करायला बसलात तर कोणाचाच तुमच्यावर विश्वास राहत नाही.

या गुणांतली खरी मेख फरकात आहे. तीन बोलून तीन केले तर 50, तीन बोलून दोन केले तर उणे 10. एका हाताने 60 गुण इकडचे तिकडे होतात. म्हणून हातात चांगली पानं असूनही, शेवटचा एक हात नको असेल तर तो कुणाच्या तरी गळ्यात कसा मारायचा, याचा विचार सुरू होतो. पुढे असलेल्या भिडूला चुकीचा हात खाऊ घालणं पूर्णपणे कायदेशीर आहे, आणि गोड हसून करायचं असतं.

किती बोलावं?

लहान डावांत लक्षात ठेवा की बहुतेक पत्ते बाहेरच आहेत. चौघांच्या तिसऱ्या डावात बाराच पानं वाटलेली असतात आणि हुकमासाठी उघडलेलं पान सोडून 47 पानं गड्डीतच राहतात. साठात चार जादूगार, त्यामुळे त्या बारा पानांत सरासरी एकही पूर्ण जादूगार येत नाही. तेव्हा मधला हुकूमसुद्धा हात देऊन जातो. शेवटच्या डावात उलट: चारही जादूगार कुणाच्या ना कुणाच्या हातात आहेत, हुकूम नाही, आणि ज्या रंगाची तुमच्याकडे लांबलचक रांग आहे तो रंग बाकीच्यांकडे संपला की तुमची बारीकसारीक पानंही हात घेऊ लागतात. पंधरा पानांच्या डावात शून्य बोलणं धाडसाचं, कारण पंधराही वेळा वाचावं लागतं.

चुकून उतारीच्या रंगाचं पान असताना दुसरं टाकलं, तर पुढची उतारी व्हायच्या आत ते बदलू देतो. नंतर कळलं तर तो डाव पुन्हा वाटतो आणि चूक करणाऱ्याला उणे दहा. हा आमचा घरचा नियम आहे, तुमचा वेगळा असेल, पण खेळ सुरू व्हायच्या आधी ठरवा. वाटणीत पानं कमी-जास्त गेली तर दंड नाही, तोच वाटणारा पुन्हा वाटतो.

वेळ कमी असेल तर एक-दोन-तीन असं न जाता दोन, चार, सहा असे समसंख्येचेच डाव खेळा. चौघांत पंधराऐवजी सात डाव होतात. चौदा पानांच्या शेवटच्या डावातही गड्डीत चार पानं उरतात, त्यामुळे हुकूम नेहमीसारखाच निघतो.