पहिल्यांदा रेकी घ्यायला जाताना

रेकी आणि प्राणिक हीलिंग म्हणजे हातांवाटे ऊर्जा देऊन बरं करतो असं सांगणाऱ्या पद्धती. त्या देणाऱ्यांचं, म्हणजे हीलरचं, नाव बहुधा पाटी वाचून नाही, ओळखीतून कळतं. भिशीतल्या कुणीतरी सांगितलेलं असतं, नाहीतर योगवर्गातल्या सरांनी. पत्ता कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एखाद्या गल्लीचा किंवा नागाळा पार्कातल्या फ्लॅटचा, आणि माहिती काय, तर ‘एकदा जाऊन तर बघा’. तेवढ्यावर जाऊ नये. तासाभराचं ते सेशन तसं साधं असतं. घोटाळे होतात ते आधी न विचारल्यामुळे आणि नंतर भलतंच मानून घेतल्यामुळे.

रेकी मूळची जपानची. मिकाओ उसुई यांनी ती १९२२ च्या सुमारास सुरू केली आणि हवायो टकाटा या बाईंनी १९३० च्या दशकाच्या शेवटी हवाईला नेली. तिथून ती जगभर गेली. यात हात अंगावर हलके ठेवतात किंवा चार-सहा इंच वर धरतात. प्राणिक हीलिंग ही चोआ कोक सुई यांची, फिलिपिन्समधली, १९८० च्या दशकात पुढे आलेली पद्धत. तिच्यात सहसा स्पर्श नसतोच. हीलर आधी हवेत हात फिरवून ‘स्कॅनिंग’ करतात, मग वरून खाली झाडल्यासारखं ‘स्वीपिंग’, आणि शेवटी ‘एनर्जायझिंग’, म्हणजे ऊर्जा भरणं. बाजूला मिठाच्या पाण्याचं भांडं असतं, त्यात अधूनमधून हात झटकतात. घरात मीठ-मोहरीने दृष्ट काढताना पाहिलेल्याला हे फार परकं वाटणार नाही.

दोन्हींच्या मुळाशी जी ऊर्जा आहे म्हणतात ती अजून कोणत्याही उपकरणाने मोजता आलेली नाही. ‘थेरप्युटिक टच’ या अशाच पद्धतीची अमेरिकेत एक चाचणी झाली, ती १९९८ मध्ये तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. हीलरने पडद्यापलीकडे दोन्ही हात ठेवायचे आणि समोरच्याने आपला हात न टेकवता त्याच्या उजव्या हातावर धरलाय की डाव्या, एवढंच ओळखायचं. २१ हीलर बसले. बरोबर उत्तरं ४४ टक्के, म्हणजे छापा-काटा करून सांगितलं असतं तरी याहून बरं जमलं असतं. ही चाचणी एका शाळकरी मुलीने रचली होती.

मग लोकांना बरं वाटतं ते खोटं का? नाही. फोन बंद, खोलीत मंद उजेड, कुणी काही मागत नाही, कुणाचे तरी उबदार हात डोक्याशी, आणि तासभर नुसतं पडून राहायचं. एवढ्याने श्वास संथ होतो, खांदे सैल पडतात, आवळलेला जबडा सुटतो. ताण, थकवा, झोप न लागणं, काळजीने आलेली बेचैनी यांसाठी म्हणून जायचं असेल तर जरूर जा. शुगर, बीपी, थायरॉईड, अंगावरची गाठ, मुलाची फिट यांसाठी मात्र जाऊ नका. पंधरा दिवसांपेक्षा जुनं, कारण न कळलेलं दुखणं असेल तर आधी डॉक्टर. फॅमिली डॉक्टर नसतील तर सीपीआर या सरकारी रुग्णालयाची ओपीडी आहे.

फोनवर काय विचारायचं

अपॉइंटमेंट घेतानाच पाच गोष्टी विचारून घ्या. संकोच करू नका. चांगल्या हीलरला या प्रश्नांची सवय असते.

- सेशन किती वेळाचं? पहिल्या भेटीत बोलणं धरून सव्वा ते दीड तास, प्रत्यक्ष हीलिंग ४५ ते ६० मिनिटं, हे नेहमीचं.
- स्पर्श करता का, कुठे कुठे?
- पैसे किती, आणि एका सेशनचे देता येतात का? दहा सेशनचं पॅकेजच घ्यावं लागेल म्हणाले तर दुसरं नाव शोधा.
- सोबत कुणी आलं तर खोलीत बसू देता का?
- माझी औषधं चालू आहेत, त्याचं काय?

यातला शेवटचा प्रश्न म्हणजे खरी परीक्षा. ‘औषधं चालू ठेवा, यात माझा संबंध नाही’ हे योग्य उत्तर. ‘हळूहळू बंद करू’ किंवा ‘दोन्ही एकत्र चालत नाहीत’ असं ऐकू आलं तर अपॉइंटमेंट घेऊच नका. मधुमेह, कॅन्सर, पक्षाघात, रक्तदाब असे आजार चमत्कारी उपायाने बरे करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादुई उपचारविषयक केंद्रीय कायद्याने बंदी आहे. व्हॉट्सॲपवर आलेल्या पत्रकात असा दावा असेल तर तो माणूस एकतर कायदा जाणत नाही, नाहीतर जुमानत नाही.

नावामागे ‘डॉ.’ असेल तर पदवी कोणती, नोंदणी कुठल्या कौन्सिलची, हे सरळ विचारा. ‘रेकी मास्टर’ हे प्रमाणपत्र शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याला दिलेलं असतं. ती वैद्यकीय पदवी नव्हे.

वेळ शक्यतो सकाळी दहा-अकराची किंवा दुपारी चारची मागा. हीलरचं घर महाद्वार रोड, भवानी मंडपाच्या बाजूला असेल तर मंगळवार, शुक्रवार आणि नवरात्र टाळा, अंबाबाईच्या देवळाची गर्दी असते. पार्किंग शोधण्यात अर्धा तास घालवून घामाघूम होऊन पोचलात तर पुढचा अर्धा तास श्वास जागेवर यायलाच जातो. गणपतीच्या दिवसांत मंडळाशेजारच्या फ्लॅटमध्ये शांततेची अपेक्षा न ठेवलेली बरी.

जायच्या आधी

जेवण आणि सेशन यांत दोन तासांचं अंतर ठेवा. कटाची मिसळ किंवा तांबडा-पांढरा ओरपून लगेच सपाट झोपलात तर जळजळ घशाशी येते, आणि मग ‘मणिपूर चक्र (पोटातलं ऊर्जाकेंद्र म्हणतात ते) ब्लॉक आहे’ असं निदान ऐकून यावं लागतं. पण उपाशीही जाऊ नका. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर मुळीच नाही. साखर ७० च्या खाली गेली की घाम सुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं. नेमकं याच लक्षणांना काही हीलर ‘ऊर्जा सुरू झाली’ म्हणतात. पर्समध्ये ग्लुकोज पावडर ठेवा. असं वाटलं की लगेच उठून तीन चमचे पाण्यातून घ्यायची आणि पंधरा मिनिटांनी साखर तपासायची. गुळाचा खडा अडीअडचणीला चालतो, पण तो चघळत बसण्यात वेळ जातो.

कपडे सैल, सुती. साडीपेक्षा सलवार-कमीज सोयीची, कारण पालथं व्हावं लागतं. कपडे काढायला लागत नाहीत, कधीच नाही. कुणी सांगितलं तर तिथून निघायचं. पट्टा, घड्याळ, जाड साज किंवा ठुशी घरीच ठेवा. धातू ऊर्जा अडवतो असं सांगतात, खरं कारण एवढंच की पालथं पडल्यावर ते टोचतं. मंगळसूत्र ठेवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. काढलंत तर स्वतःच्या पर्समध्ये, हीलरच्या टेबलावर नाही.

दम्याचा त्रास असेल तर धूप-अगरबत्ती लावू नका असं फोनवरच सांगा, आणि पंप खिशात ठेवा. लघवीला जाऊन मगच झोपा. क्षुल्लक वाटतं, पण चाळीस मिनिटं तोच विचार डोक्यात घोळत राहतो.

निघण्याआधी वहीत एक ओळ लिहा: कशासाठी जातोय आणि ते आत्ता ० ते १० मध्ये किती. ‘मान आखडते, ६’ किंवा ‘झोप लागायला दीड तास’. तक्रार एकच निवडा. जमलं तर सेशनआधीचे सात दिवस रोजचा आकडा लिहा. त्याचा उपयोग पुढे सांगितला आहे.

सेशनमध्ये

सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं बोलणं होतं. इथे सांगायचं ते: गरोदरपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, पेसमेकर, फिट, पाठदुखी, चक्कर. न सांगता त्यांनी ओळखावं अशी परीक्षा घेऊ नका. उलट घरातली भांडणं, पैशाची अडचण, सासूचं नाव हे सगळं पहिल्याच भेटीत उघडं करायची गरज नाही. तुम्हीच सांगितलेलं अर्ध्या तासाने ‘मला तुमच्या ऑरात, म्हणजे अंगाभोवतीच्या वलयात, दिसलं’ म्हणून परत येतं.

स्पर्शाबद्दल इथेच स्पष्ट बोला. ‘ताई, छाती आणि ओटीपोटावर हात वरच धरा’ एवढं वाक्य पुरतं. रेकी शिकवताना हात न टेकवता द्यायचीही पद्धत शिकवतात, त्यामुळे ‘स्पर्शाशिवाय होत नाही’ हे खरं नाही. दाराला आतून कडी नको. सोबत आलेल्या माणसाला खोलीत बसू देत नसतील तर दार उघडं ठेवून पलीकडे बसवा.

मग टेबलावर किंवा गादीवर उताणं झोपायचं. गुडघ्यांखाली उशी मागून घ्या, कंबरेवरचा ताण जातो. गरोदरपणाचे पाच महिने झाले असतील तर उताणं झोपू नका. डाव्या कुशीवर, गुडघ्यांत उशी धरून. उताणं पडल्यावर गर्भाशयाच्या वजनाने मोठी रक्तवाहिनी दाबली जाते आणि गरगरतं. पांघरूण मागा. स्वस्थ पडलं की वीस मिनिटांत अंग गार पडतं, पावसाळ्यात तर जास्तच.

रेकीत हात साधारण याच क्रमाने फिरतात: डोळे, कानशिलं, डोक्याची मागची बाजू, गळा, छाती, पोटाचा वरचा भाग, बेंबी, ओटीपोट, गुडघे, पावलं, मग पालथं करून खांदे, पाठ, कंबर. प्रत्येक ठिकाणी तीन ते पाच मिनिटं. डोळ्यांवर हात ठेवल्यावर कोंडल्यासारखं झालं तर लगेच सांगा, ते हात कपाळावर नेतील. पालथं होताना मान एका बाजूला फार वेळ वळलेली राहते. मणक्याचा त्रास असेल तर कुशीवरच राहतो म्हणायचं.

तुमच्याकडे करण्यासारखं काहीच नसतं. मंत्र नाही, कल्पना करायला नको. श्वास लांबवायचा म्हणून ओढूनताणून घेऊ नका. जोरजोरात श्वास घेतला की बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, त्यालाही ऊर्जा समजलं जातं. खरोखरच्या सेशनमध्ये उब वाटते, पोट गुडगुडतं, कधी डोळ्यांतून पाणी येतं, बरेच जण घोरतात. आणि पुष्कळांना काहीच वाटत नाही. मग हीलरने विचारल्यावर ‘हो, गरम वाटलं’ असं भिडेखातर म्हणू नका. त्या एका होकारावर पुढची दहा सेशन ठरतात.

उठताना घाई नको. आधी कुशीवर, मग पाय खाली सोडून दोन मिनिटं बसायचं, मग उभं राहायचं. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांना झटकन उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, कारण उभं राहिल्यावर रक्त पायांकडे उतरतं, बीपी एकदम खाली येतं आणि ते लगेच सावरत नाही. लगेच गाडीची किल्लीही फिरवू नका. दहा मिनिटं बसा, पाणी प्या.

नंतर काय काय ऐकायला मिळतं

‘आज आंघोळ करू नका, १२ तास तरी.’ प्राणिक हीलिंगवाले हमखास सांगतात. एप्रिलच्या उकाड्यात हे पाळायचं की नाही तुमची मर्जी. आंघोळीने बिघडण्यासारखं काही नसतं.

‘त्रास वाढला म्हणजे विष बाहेर पडतंय.’ हे सगळ्यांत धोक्याचं वाक्य, कारण दुखणं वाढलं तरी उपचार बरोबर आणि कमी झालं तरी बरोबर. एखादा दिवस सुस्ती, थोडं डोकं जड, इथपर्यंत ठीक. ताप, वाढत जाणारी वेदना, काळी शौच, छातीत दाब, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोबडी वळणं यातलं काहीही असेल तर हीलरला फोन करत बसू नका. १०८ लावा. सेशननंतर मन फारच खचल्यासारखं झालं, जीव नकोसा वाटला तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

‘तुमच्यावर कुणीतरी केलंय.’ हे ऐकलं की पैसे देऊन बाहेर पडायचं. रेकीच्या शिकवणीत करणी-बाधा नाही. उतारा, खास स्फटिक, घरात येऊन शुद्धीकरण अशी यादी त्यामागून येते. जादूटोण्याची भीती घालून लुबाडण्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ चा कायदा आहे, पोलीस ठाण्यात तक्रार करता येते.

‘तुमच्यात शक्ती आहे, फर्स्ट डिग्री करून घ्या.’ म्हणजे रेकीचा पहिला कोर्स. जवळजवळ प्रत्येकाला सांगतात. शिकायचं असेल तर शिका, पण त्याच दिवशी फॉर्म भरू नका.

आता ती वही. सेशननंतरही सात दिवस रोज आकडा लिहा, आणि त्या काळात नवी गोळी, नवी गादी, नवा व्यायाम असलं काही सुरू करू नका, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. माणूस जातो तेव्हा दुखणं बहुधा टोकाला पोचलेलं असतं, आणि टोकावरून ते आपसूकही उतरतं. म्हणून दुसऱ्या दिवशीच्या हलकेपणावरून काही ठरवू नका. आधीच्या सात आणि नंतरच्या सात दिवसांची सरासरी काढून बघा. ६ चा ५ झाला असेल तर तो रोजचा चढउतार असू शकतो. ६ चा ३ होऊन तिसऱ्या सेशनपर्यंत टिकला तर त्या तासाभराच्या विश्रांतीचा तुम्हाला उपयोग होतोय, मग परवडत असेल तर चालू ठेवा. महिन्यातून एकदा पुरेसं असतं.

तीन सेशननंतर आकडा जागचा हलला नसेल तर थांबा. थांबताना कारणं देत बसायची गरज नाही. ‘मॅडम, सध्या पुढची वेळ घेत नाही, लागलं तर मीच फोन करेन’ एवढा मेसेज टाका. ‘मधेच सोडलं तर उलटतं’ असं उत्तर आलं तर त्याला उत्तर द्यायचं नाही, आणि आगाऊ दिलेले पैसे उरले असतील तर ते लेखी मागायचे.