शर्यतीच्या सायकलीत लपवलेली मोटर कशी शोधावी

मोटर शोधणं तसं सोपं. शर्यतीत खरोखर धावलेली सायकल हाती लागणं अवघड. म्हणून पहिल्या तीन क्रमांकांच्या आणि चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या दोन सायकली अंतिम रेषेवरच ताब्यात घ्या. फ्रेमचा नंबर लिहा, फोटो काढा, सील लावा. वाटेत बदललेल्या आणि राखीव सायकलीही सोडू नका. 2016 साली बेल्जियममधल्या झोल्डरच्या सायक्लोक्रॉस (चिखल-अडथळ्यांतली शर्यत) जागतिक स्पर्धेत बेल्जियमची सायकलपटू फेम्के व्हॅन डेन ड्रिशे हिची मोटरवाली सायकल पिटच्या, म्हणजे सायकल बदलण्याच्या भागातच सापडली. तिच्यावर सहा वर्षांची बंदी आली.

पुढचं सगळं सायकलपटू किंवा त्याच्या मेकॅनिकसमोर करा.

आधी सीटपोस्टच्या (सीटखालच्या दांड्याच्या) उंचीवर टेप लावा, नाहीतर नंतर मापावरून भांडण ठरलेलं. 4 किंवा 5 मिमीच्या ॲलन कीने क्लॅम्प सैल करून पोस्ट हळूच ओढा. इलेक्ट्रॉनिक गिअरची बॅटरी बऱ्याचदा आतच असते आणि तिची वायर तुटते. ही बॅटरी दिसली म्हणून ओरडू नका, ती नियमात बसते. आता टॉर्च किंवा बोरस्कोपने (नळीत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने) सीट ट्यूब, म्हणजे पोस्ट बसते ती नळी, बॉटम ब्रॅकेटपर्यंत (पेडलचा अॅक्सल बसतो तिथपर्यंत) पाहा. तिथे दंडगोल आणि त्याच्या टोकाला क्रँकच्या अॅक्सलला भिडलेला गिअर दिसला, तर काम झालं. पाण्याच्या बाटल्याही उघडा, बॅटरी तिथेही बसते.

चेन उतरवून क्रँक (पेडलचे दांडे) दोन्ही दिशांनी हाताने फिरवा. घरघर आली तर संशय घ्या, पण खराब बेअरिंगही असंच वागतं.

फोनमधल्या चुंबकमापकावर मोकळ्या जागी महाराष्ट्रात साधारण 40 ते 45 मायक्रोटेस्ला दिसतात. फोन सीट ट्यूब, बॉटम ब्रॅकेट आणि रिमवरून सावकाश फिरवा. पॉवर मीटर (ताकद मोजणारं यंत्र), केडन्सचं (पेडलच्या वेगाचं) चुंबक, स्टीलची फ्रेम हे सगळे आकडा हलवतात. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या सायकलीशी तुलना केल्याशिवाय काही ठरवू नका. थर्मल (उष्णता टिपणारा) कॅमेरा फक्त नुकतीच चाललेली मोटर दाखवतो. उन्हात अख्खी सायकलच तापलेली असते.

आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटना चुंबकीय क्षेत्र टिपणाऱ्या टॅब्लेटने चाळणी करून संशयित सायकलीचा एक्स-रे काढते. आपल्याकडे एक्स-रे यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते, त्यामुळे छोट्या आयोजकांनी तो नाद सोडावा.

पोस्ट परत बसवताना टेपची खूण जुळवा. कार्बन फ्रेमला कार्बन पेस्ट (पकड वाढवणारी) लावा आणि टॉर्क रेंचने फ्रेमवर छापलेल्या आकड्याइतकंच आवळा, बहुधा 5 न्यूटन-मीटर.