ब्रिगादेरोचे गोळे बसत होते, तेव्हा

ब्राझीलमध्ये वाढदिवसाला हमखास असणारं ब्रिगादेरो, म्हणजे चॉकलेटच्या छोट्या गोळ्यांची मिठाई: ३९५ ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, ३ मोठे चमचे चाळलेला बिनसाखरेचा कोको, १ चमचा बटर. बस्स.

हे सगळं एकत्र आटवलं, पण थंड होऊनही मिश्रण हाताला चिकटत होतं, वळलेला गोळा ताटलीत पसरत होता. म्हणजे पाणी पुरतं आटलं नव्हतं. फ्रीजमध्ये ठेवून हे सुधारत नाही. तेच परत जाड बुडाच्या पातेल्यात घालून मंद आचेवर न थांबता ढवळलं. घड्याळापेक्षा खूण बघावी: उलथनं फिरवल्यावर तळ दोनेक सेकंद उघडा राहतो आणि पातेलं तिरकं केलं की सगळा गोळा एकत्र घसरतो. आच वाढवली तर तळाला लागतं आणि करपट खवले मिश्रणात येतात. उलट फार आटून चिवट झालं, तर चमचाभर दूध घालून गरम करायचं. गार झाल्यावर बटरचा हात लावून वळायचं, चॉकलेटच्या शेवयांत (सजावटीच्या बारीक चॉकलेट कांड्यांत) घोळवायचं.