वीज परत येते तेव्हा: ॲम्प आणि स्पीकर धक्क्यातून कसे वाचवावेत

जत्रेच्या रात्री नाटकाचा दुसरा अंक ऐन रंगात आणि वीज गेली. गोव्यातल्या गावात याचे कोणाला फारसे काही वाटत नाही. लोक खाजे चघळत बसून राहिले. मी साऊंडच्या मिक्सरपाशी होतो. टॉर्च शोधण्याच्या नादात ॲम्प, म्हणजे स्पीकरला ताकद देणारा ॲम्प्लिफायर, बंद करायचा राहून गेला. थोड्या वेळाने वीज आली, हॅलोजन, पंखे, मिक्सर, ॲम्प सगळे एकदम सुरू झाले आणि उजव्या स्पीकरने ‘धप्प’ केले. उरलेले नाटक डाव्या स्पीकरवर निभावले. सकाळी जाळी काढून स्पीकरचा पडदा, म्हणजे कोन, चार बोटांनी हलकेच दाबून पाहिला तर आत खरखर. कोन हलवणारी तारेची गुंडाळी, म्हणजे व्हॉइस कॉईल, जागेवरून सरकून घासत होती.

त्या रात्री मी सगळ्यांना ‘व्होल्टेज वाढले’ असे सांगितले. खरे तर वीज एकदम आली की तीन वेगवेगळ्या गोष्टी घडतात, आणि तिन्हींवरचा उपाय वेगळा.

पहिली, लाईनवरून येणारे जादा व्होल्टेज. दुसरी, ॲम्प स्वतः ओढतो तो करंट: चालू होताना रिकामे कपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मर क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचतात. तिसरी, स्पीकरचा ‘धप्प’. मिक्सर स्थिर होण्याआधी त्यातून एक झटका बाहेर पडतो, आणि ॲम्प तोवर जागा असेल तर तो झटका मोठा करून स्पीकरला देतो. माझा स्पीकर गेला तो या तिसऱ्यामुळे, आणि यावरचा उपाय फुकट आहे.

क्रम लावा. आधी प्लेअर आणि वायरलेस माईकचे रिसीव्हर, मग मिक्सर, मग इक्वलायझर-क्रॉसओव्हर (आवाज जुळवणारे आणि जाड-बारीक आवाज वेगळे करणारे डबे), आणि सर्वांत शेवटी ॲम्प. प्रत्येकामध्ये चार-पाच सेकंद जाऊ द्या. ॲम्पचे व्हॉल्यूम शून्यावर ठेवून मग हळूहळू वाढवा. बंद करताना बरोबर उलटे: ॲम्प आधी. कंडेन्सर माईकसाठी ४८ व्होल्टचा फँटम (माईकच्या वायरीतूनच मिक्सरने दिलेला पुरवठा) देताना ते चॅनेल म्यूट हवेच. वीज गेली की टॉर्चच्या आधी हात ॲम्पच्या स्विचवर.

बोर्ड तपासा. मंडपातल्या तात्पुरत्या वायरिंगवर माझा विश्वास नाही, तुम्हीही ठेवू नका. मल्टिमीटरने बघा: फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळजवळ तेवढेच, न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट. मीटर वापरायची सवय नसेल तर हे काम वायरमनलाच करू द्या. थ्री-फेज जोडणीत न्यूट्रल सैल झाला तर एखाद्या फेजवर व्होल्टेज ४०० च्या दिशेने चढू शकते. तिथे सर्ज प्रोटेक्टरचा एक्स्टेन्शन बोर्ड वाचवत नाही. त्यातला एमओव्ही नावाचा भाग क्षणिक झटके गिळण्यासाठी असतो, सतत वाढलेल्या व्होल्टेजला तो स्वतःच जळतो. त्यासाठी ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर वेगळा घ्या. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेले की तो पुरवठा तोडतो आणि वीज आल्यावर ठरवलेला वेळ थांबून मगच जोडतो.

स्पीकरमधून घुरघुर येते म्हणून प्लगची अर्थ पिन काढणारे मी पाहिले आहेत. असे कधीही करू नका. माईक हातात धरणारा माणूस त्याच अर्थिंगच्या भरवशावर उभा असतो. शिवाय अर्थिंगशिवाय सर्ज प्रोटेक्टरही अर्धाच काम करतो. घुरघुर काढायची तर सिग्नलच्या वायरीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला.

चालू करतानाच एमसीबी (बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच) पडतो? मोठ्या टोरॉइडल, म्हणजे कड्याच्या आकाराच्या, ट्रान्सफॉर्मरच्या ॲम्पवर हे नेहमीचे. बी प्रकारचा एमसीबी रेटिंगच्या ३ ते ५ पटींवर लगेच पडतो, सी प्रकारचा ५ ते १० पटींवर. वायरिंग तेवढे सक्षम असेल तर वायरमनकडून बीच्या जागी सी बसवून घ्या. नाहीतर ॲम्पला सॉफ्ट-स्टार्ट बसवा: सुरुवातीला करंट रेझिस्टरमधून जातो, सेकंदा-दोन सेकंदांनी रिले तो रेझिस्टर बाजूला काढतो.

जनरेटर असेल तर तो सुरू करून लगेच ॲम्प जोडू नका. दोन मिनिटे चालू द्या, आधी दिवे लावा, व्होल्टेज पाहा, मग साऊंड. जनरेटरवरून लाईनवर परतताना पुन्हा ॲम्प बंद.

पावसाळ्यात बंद पडून राहिलेला ॲम्प पहिल्यांदा चालू करताना थोडी जास्त काळजी घ्या. जून ते सप्टेंबर आमच्याकडे भिंतींनाही बुरशी येते, ॲम्प तरी कोरडा कसा राहील? चवथीच्या आठ दिवस आधी तो मेकॅनिककडून सिरीज बल्बवर तपासून घेतो: ॲम्पच्या सिरीजमध्ये १०० वॉटचा जुना, तारेचा बल्ब. बल्ब क्षणभर लख्ख पेटून मंद झाला तर कपॅसिटर भरले, सगळे ठीक. लख्खच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. ही युक्ती ट्रान्सफॉर्मरवाल्या ॲम्पसाठीच. एसएमपीएस (जड ट्रान्सफॉर्मरऐवजी इलेक्ट्रॉनिक स्विचिंगचा पुरवठा) असलेल्यांवर करू नका.

वळवाच्या किंवा ऑक्टोबरच्या गडगडाटात मात्र कुठल्याच डब्यावर भरवसा नको. प्लग काढा, लांबून आलेल्या सिग्नलच्या वायरीही काढा.

एक शेवटचे काम दहा मिनिटांचे आहे. प्रत्येक स्विचवर टेप लावून मार्करने १, २, ३ लिहा, आणि ॲम्पच्या आकड्याखाली ठळक ‘शेवटी’. पहाटे काकड आरतीला साऊंड चालू करणारा माणूस बहुतेक वेळा तुम्ही नसता.