लाइव्ह ग्राफिक रेकॉर्डिंग : या चुका टाळा

मीटिंग चालू असताना बाजूच्या मोठ्या बोर्डावर चर्चा शब्दांत-चित्रांत उतरवायची, हे काम चित्रकला कच्ची म्हणून क्वचितच फसतं. काडीची माणसं, बाण, ढग, ट्रक एवढ्यावर दिवस निघतो. फसतं ते बोर्ड चुकीचा आणला, जागेचा हिशेब केला नाही किंवा हात चालू असताना कान बंद पडले म्हणून.

बोर्डावर शाई धरत नाही

फ्लेक्सवाल्याकडे ‘सनबोर्ड’ मागितला की बहुधा पीव्हीसीची गुळगुळीत शीट मिळते. पाण्याच्या शाईचे मार्कर तिच्यावर बसत नाहीत. रेघ थेंबाथेंबाने गोळा होते आणि बाही लागली की पुसली जाते. हवा असतो तो दोन्ही बाजूंना कागद असलेला फोमबोर्ड, 5 मिमी जाडीचा. ‘कोरा द्या, व्हिनाइल नको, लॅमिनेशन नको’ असं सांगा आणि ताब्यात घेताना कोपऱ्यात रेघ मारून मिनिटभराने बोटाने घासून बघा. ऐन वेळी पीव्हीसीच पदरात पडला तर त्यावर रोलचा जाड कागद ताणून कडा मागे टेपने चिकटवा. आणखी एक : 8 बाय 4 फुटांचा अखंड बोर्ड बऱ्याच लिफ्टमध्ये मावत नाही. 4 बाय 4 चे दोन आणा आणि सांध्यावर अक्षर येऊ देऊ नका.

काळी रेघ फिसकटते

काळी शाई पाण्याची आणि वरून भरायचा रंगही पाण्याचा, मग दुसरं काय होणार? बाह्यरेषेला पिगमेंट शाईचा मार्कर लागतो (न्यूलँड कंपनीचा आउटलायनर याच कामाचा). तो वाळला की पाण्याचा रंग फिरवला तरी हलत नाही. तो नसेल तर आधी फिका रंग भरा, काळी रेघ शेवटी. अल्कोहोलचे मार्कर टाळलेले बरे. पातळ कागदातून शाई झिरपून हॉटेलच्या भिंतीवर उतरते, आणि बंद एसी हॉलमध्ये वास राहतो तो वेगळाच.

डाग पडला तर ओला असताना पुसू नका, पसरतो. वाळू द्या आणि त्याच कागदाचा तुकडा किंवा पांढरं स्टिकर लेबल लावून वर लिहा. व्हाइटनर नको, त्याचे कण मार्करच्या टोकात अडकतात.

जेवणाआधीच बोर्ड भरतो

पहिली दोन भाषणं ऐसपैस उतरवली की हे होतंच. अजेंडा आदल्या दिवशी मागून घ्या आणि फिक्या पेन्सिलीने कप्पे पाडा. पण वेळेच्या प्रमाणात नाही, निर्णयांच्या प्रमाणात. स्वागतपर भाषण अर्धा तास चाललं तरी त्याला वीतभर जागा पुरते. उजवीकडचा सहावा हिस्सा ‘ठरलं काय’साठी कोरा ठेवा, कारण कामाचं बोलणं बहुतेक शेवटच्या वीस मिनिटांतच होतं.

देवनागरीला रोमनपेक्षा उभी जागा जास्त लागते. 1 इंच अक्षराला वरची वेलांटी-मात्रा आणि खालचा उकार धरून ओळीमागे सुमारे 2 इंच सोडा. शिरोरेघ अक्षरागणिक नको. शब्द पुरा झाला की एका झटक्यात ओढा. ठळक मथळे शेवटच्या रांगेसाठी : दर 10 फुटांमागे 1 इंच उंची धरा, म्हणजे 30 फुटांवरून वाचायचा मथळा 3 इंची. बारीक मजकूर लोक चहाच्या वेळी जवळ येऊन वाचतात.

सगळंच लिहीत बसणं

सेल्सचे साहेब चार वाक्यं बोलतात : मार्केट टफ आहे, टीम मेहनत घेतेय, डिमांडचा प्रॉब्लेम नाहीच, माल डीलरकडे वेळेत पोचत नाही. बोर्डावर यायला हवं ते शेवटचं : ट्रक, घड्याळ, ‘माल उशिरा’. पहिल्याच वाक्याला मार्कर टेकवलात तर ‘मार्केट टफ’ लिहून होईपर्यंत मुद्दा निसटलेला असतो. म्हणून मुद्दा पुरा होईपर्यंत थांबा. मागे पडलात तर सुटलेलं धरायला धावू नका. स्टिकी नोटवर दोन शब्द टिपा, ब्रेकमध्ये जागेवर घाला.

आकडे आणि नावं खात्री होईपर्यंत पेन्सिलीत. कोटी की मिलियन, हे ब्रेकमध्ये विचारून घ्या. वाद झाला तर एकाच बाजूचं लिहून मोकळे होऊ नका. समोरासमोर दोन बाण काढा, दोन्ही म्हणणी लिहा.

जागा आणि स्क्रीन

प्रोजेक्टर लागला की हॉल अंधारतो, तेव्हा क्लिपचा दिवा जवळ हवा. एसीच्या झोतासमोर कागद फडफडतो. बोर्डाची खालची कड जमिनीपासून 3 फुटांवर तरी हवी, नाहीतर खालचा भाग खुर्च्यांमागे जातो.

आयपॅडवर करत असाल तर हॉटेलच्या वायफायवर भिस्त नको, एचडीएमआयची वायर न्या. नोटिफिकेशन बंद करा. घरचा मेसेज सगळ्या बोर्ड ऑफ डायरेक्टर्सना दिसतो. प्रोक्रिएट या चित्र काढायच्या ॲपमध्ये कॅनव्हास जितका मोठा तितके लेयर (चित्राचे एकावर एक थर) कमी मिळतात, ते घरीच तपासा.

फोटो कार्यक्रम संपताच, दिवे चालू असताना काढा : बोर्डाच्या बरोबर मध्यासमोर, थोडं लांबून झूम करून, फ्लॅश बंद. चार-पाच काढा आणि कोपऱ्यातली अक्षरं मोठी करून वाचता येतात का ते बघूनच बोर्ड उतरवा.