सहावी ते आठवीचे गणित घरच्या घरी कृतीतून कसे शिकवावे

चौथी-पाचवीपर्यंत गणितात रमणारे मूल सहावी-सातवीत एकाएकी वही टाळू लागते, हे अनेक घरांत दिसते. तोपर्यंतची गणिते वस्तू मोजून पडताळता येत होती; आता ऋण संख्या, अपूर्णांकांचे गुणाकार आणि अक्षरांची समीकरणे येतात, आणि नेमक्या याच वेळी हातातल्या वस्तू काढून घेतल्या जातात. त्या परत द्याव्यात. त्यासाठी कोरे कागद, दोन रंगांची बटणे, जाड दोरा, काड्या, झाकणे, मणी, चिकटपट्टी, पट्टी आणि कात्री एवढे साहित्य पुरते.

कृती कोणतीही असो, क्रम एकच ठेवावा. आधी मुलाला उत्तराचा अंदाज करायला सांगून तो कागदावर लिहून घ्यावा, मग कृती करू द्यावी, त्यानंतर काय दिसले ते त्याच्याच शब्दांत ऐकावे आणि शेवटी तेच गणित चिन्हांत, मांडलेल्या वस्तूंच्या शेजारी, लिहायला लावावे. ही शेवटची पायरी घाईत गळते आणि मग बटणांचा खेळ वेगळा व वहीतले गणित वेगळे, अशी मुलाची समजूत होते. सूत्र आधी सांगून टाकण्याचा मोह मात्र आवरावा, कारण सूत्र कळले की मूल पाहणे थांबवते.

ऋण संख्यांपासून सुरुवात करावी. निळे बटण म्हणजे +१ आणि लाल बटण म्हणजे −१ असे ठरवावे. एक निळे व एक लाल मिळून शून्य होते, ही गोष्ट मुलाला पुरती पटेपर्यंत पुढे जाऊ नये. आता ३ − (−२) हे उदाहरण घ्यावे. टेबलावर तीन निळी बटणे आहेत आणि त्यांतून दोन लाल काढायची आहेत, पण लाल तर एकही नाही. इथे थांबावे आणि मुलाला अडू द्यावे. माझ्या अनुभवात या अडण्याचाच सर्वाधिक उपयोग होतो. थोड्या वेळाने, शून्याची जोडी ठेवल्याने किंमत बदलते का, एवढेच विचारावे. निळ्या-लाल बटणांच्या दोन जोड्या ठेवल्या की टेबलावर पाच निळी आणि दोन लाल होतात. दोन लाल उचलली की पाच निळी उरतात. ‘वजा वजा अधिक’ हे पाठ केलेले वाक्य मुलाला पहिल्यांदाच डोळ्यांनी दिसते.

अपूर्णांकांच्या गुणाकाराला कागदाची घडी पुरते. २/३ × ३/४ साठी कागदाचे उभे तीन समान भाग करून दोन भागांवर तिरप्या रेघा ओढाव्यात, मग आडवे चार समान भाग करून तीन भागांवर उलट दिशेने रेघा ओढाव्यात. एकूण १२ चौकटींपैकी सहांवर दोन्ही रेघा येतात, म्हणजे उत्तर ६/१२, अर्थात १/२. मूल फक्त रेघा ओढलेल्या चौकटींनाच पूर्ण धरत असेल, तर ‘आपला पूर्ण कागद कोणता?’ असे विचारावे.

बीजगणितासाठी काड्यांचे चौकोन एकमेकांना लागून मांडावेत. एका चौकोनाला ४ काड्या, दोनला ७, तीनला १०. पन्नास चौकोनांना किती लागतील, हे प्रत्यक्ष न मांडता सांगायचे. चौकोनांची संख्या न मानली, तर एखादे मूल म्हणते, पहिल्याला चार आणि पुढच्या प्रत्येकाला तीन, म्हणजे ४ + ३(न − १). दुसरे वरच्या न, खालच्या न आणि उभ्या न + १ काड्या वेगवेगळ्या मोजते. दोघांची मांडणी सोडवली की ३न + १ हेच मिळते आणि पन्नास चौकोनांसाठी १५१ काड्या येतात. पदावली सोपी करणे म्हणजे काय, हे यापेक्षा स्वच्छ दाखवणारी कृती मला माहीत नाही. म्हणून दोन पद्धती सापडेपर्यंत ही कृती सोडू नये.

भूमितीत त्रिकोणाचे तीन कोपरे फाडून शेजारी शेजारी लावले की सरळ रेषा, म्हणजे १८०°, तयार होते. हे पाच मिनिटांत उरकते. वर्तुळाला मात्र वेळ द्यावा. निरनिराळ्या आकारांची चार-पाच झाकणे घेऊन त्यांचा परीघ आणि व्यास मोजावा, व परिघाला व्यासाने भागावे. दोरा ताणला गेल्याने उत्तरे कधी ३.० तर कधी ३.३ येतात. त्यावर उपाय म्हणजे न ताणणारा दोरा घेऊन कडेभोवती पाच घट्ट वेढे शेजारी शेजारी द्यावेत आणि आलेल्या लांबीला पाचाने भागावे, म्हणजे चूकही पाचांत वाटली जाते. झाकण लहान असो वा मोठे, उत्तर ३.१४ च्या आसपासच घुटमळते, हे मुलाने स्वतःच्या तक्त्यात पाहावे.

घनफळासाठी एकाच मापाचे दोन आयताकृती कागद घ्यावेत. एक लांबीच्या बाजूने आणि दुसरा रुंदीच्या बाजूने गुंडाळून, कडा एकमेकींवर न चढवता चिकटपट्टीने जोडाव्यात. एक नळी उंच व अरुंद होते, दुसरी बुटकी व रुंद. कागद सारखाच असल्याने दोन्हींत सारखेच मावेल, असा अंदाज बहुतेक मुले करतात. उंच नळी बुटक्या नळीच्या आत उभी करून काठोकाठ मण्यांनी भरावी आणि अलगद वर उचलावी. मणी बुटक्या नळीत पसरतात, पण ती भरत नाही. छपाईचा नेहमीचा ए-४ कागद, म्हणजे २१० × २९७ मिलिमीटर, घेतला असेल तर बुटक्या नळीत सुमारे १.४ पट मावते. घनफळाच्या सूत्रात उंची एकदाच येते आणि त्रिज्येचा वर्ग येतो, हे सांगण्याची योग्य वेळ हीच. त्यानंतर बुटक्या नळीचा कागद उलगडून, उंची निम्मी होईल असा कापून, दोन्ही पट्ट्या टोकाला टोक जोडून पुन्हा गोल करायला सांगावे आणि आता किती मावेल याचा अंदाज, मणी ओतण्याआधी, लिहून घ्यावा.