स्तोत्रावरून गीत रचताना: खानदेशातल्या ख्रिस्ती मंडळीसाठी

बायबलातल्या स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रे आहेत, पण सगळीच गीतात सारखी बसत नाहीत. 119 व्याच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नये. 176 वचने आहेत आणि हिब्रू वर्णमालेच्या क्रमावर त्याची बांधणी आहे, ती मराठीत हाती लागतच नाही. 23 वे सगळ्यांना पाठ असते, म्हणून आपली ओळ जरा वेगळी झाली की लोक अडखळतात. पहिल्यांदा हात घालायचा तर 121 वे घ्यावे. आठच वचने आहेत, आणि 120 ते 134 या आरोहण स्तोत्रांपैकी ते एक आहे, म्हणजे मूळचेच यरुशलेमच्या यात्रेला वाटेने गात जायचे.

शिवाय ते आपल्याकडे समजावून सांगावे लागत नाही. यावल-रावेरच्या माणसाला उत्तरेला बघितले की सातपुडा दिसतो, आणि मे महिन्यात भुसावळला राहणाऱ्याला ‘दिवसा सूर्याची बाधा होणार नाही’ याचा अर्थ विचारावा लागत नाही. पण इथेच एक चूक फार होते. पहिल्या वचनात डोंगर आहे, लगेच पुढे प्रश्न आहे, आणि उत्तर दुसऱ्या वचनात येते: साहाय्य परमेश्वराकडून. घाईत रचलेल्या गीतात डोंगरच तारणारा होऊन बसतो. प्रश्न आणि उत्तर दोन वेगळ्या कडव्यांत ठेवले की हा घोळ होत नाही.

लिहायला बसण्याआधी पेन्सिल घेऊन प्रत्येक वचनापुढे कोण कोणाशी बोलतो ते टिपावे. 121 मध्ये पहिली दोन वचने ‘मी’ची, तिसऱ्यापासून ‘तू’. बोलणारा बदलतो. म्हणजे पहिली दोन कडवी एकट्या गायकाला आणि पुढची मंडळीला, ही वाटणी स्तोत्राने आपण होऊन दिलेली आहे. 136 मध्ये ती याहून उघड आहे. ‘त्याची दया सनातन आहे’ हे तिथे 26 वेळा, दर वचनाला येते, तेव्हा ध्रुपद शोधायचे कामच उरत नाही. 13 व्यात ‘कोठवर’ असा प्रश्न चार वेळा येतो आणि पाचव्या वचनाला सूर पालटतो. तिथे पहिल्या कडव्यापासून आनंदी चाल लावली तर स्तोत्र मोडलेच. विलापाची वचने गाळून फक्त स्तुती ठेवायची सवय पुष्कळ मंडळ्यांत आहे. ती चांगली नाही.

हिब्रू कवितेत ओळीच्या शेवटी यमक नसते. एकच गोष्ट दोनदा, थोडी फिरवून सांगितलेली असते. मराठीत दोन्ही अर्धे ठेवायचा हट्ट धरला की कडवे फुगते. जिथे दुसरा अर्धा नवीन काही सांगत नाही, तिथे एकच ठेवावा. उलट जो शब्द मुद्दाम परत परत आला आहे तो बदलू नये. 121 मध्ये ‘राखणे’ मुळात सहा वेळा आहे. वैचित्र्यासाठी एकदा रक्षण, एकदा पालन, एकदा संगोपन असे केले की त्या स्तोत्राचा कणाच जातो. रात्रभर शेतात जागल करणारा माणूस सगळ्यांनी पाहिलेला आहे, ‘राखणारा’ पुरे.

आता साचा. मोठ्या अभंगाला चार चरण, अक्षरे 6-6-6-4, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. जोडाक्षर एकच मोजायचे, ह्रस्व-दीर्घ पाहायचे नाही. बोलताना ‘देव’मधला ‘व’ अर्धा होतो, पण मोजताना आणि गाताना पूर्ण धरायचा.

डोंगरांकडे मी । डोळे लावितसे ।
साह्य कुठे असे । माझ्यासाठी ॥

आकाश धरणी । ज्याने उभारिली ।
मदत धाडिली । त्या प्रभूने ॥

पाऊल तुझे तो । ढळू न देईल ।
जागाच राहील । राखणारा ॥

तिसऱ्या कडव्याचे पहिले दोन चरण उलट ठेवून पाहा: ‘ढळू न देईल । पाऊल तुझे तो’. अक्षरे तेवढीच राहतात, पण यमकाला ‘तो’ येतो आणि पुढचा चरण ‘राहील’वर संपवता येत नाही. पहिल्या आणि चौथ्या चरणाला यमकाचे बंधन नाही, म्हणून अडणारा शब्द तिकडे सरकवावा.

यमकाचा खरा धोका वेगळाच आहे. दुसऱ्या कडव्यात ‘उभारिली’ला जुळते म्हणून ‘माउली’ आपोआप जिभेवर येते. शब्द गोड आहे, कान सरावलेला आहे, पण या स्तोत्रात आई नाही. ‘साउली’ मात्र चालते, कारण पाचव्या वचनात ती आहे, फक्त तिच्या जागी, म्हणजे पुढच्या कडव्यात यावी. नियम साधा आहे: यमकासाठी आलेली प्रतिमा स्तोत्रात बोट ठेवून दाखवता आली पाहिजे. नसेल तर यमक बदलावे.

चालीसाठी भजनी ठेका, आठ मात्रा. सहा अक्षरांचा चरण एका आवर्तनात बसतो आणि दोन मात्रा उरतात, त्या शेवटच्या अक्षरावर द्याव्यात. चार अक्षरांच्या चरणाला प्रत्येक अक्षर दोन मात्रांचे. लय मध्यम ठेवावी, कारण ढोलकी पुढे पळाली की ‘धाडिली’ची पहिली दोन अक्षरे गिळली जातात. पट्टी ठरवताना गायकाचा गळा धरू नये. पुरुष-बायका एकत्र गाणार असतील तर पेटीवर सा पांढरी एकवर ठेवून चाल मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) ते तार षड्ज (वरच्या सप्तकातला सा) यांतच फिरवावी. त्याच्या वर गेली की मागच्या रांगा गप्प होतात.

पाश्चात्त्य चालीवर मराठी शब्द बसवायचे असतील तर जास्त जपावे लागते. जिनिव्हाच्या प्रोटेस्टंट मंडळीची फ्रेंच स्तोत्रगीते (संपूर्ण संग्रह 1562चा) युरोपभर पसरली त्यात ठरीव अक्षरसंख्येचा मोठा हात होता. तिथला चालकार लुई बुर्जुआ याची 1551ची एक चाल मुळात 134 व्या स्तोत्राची, पुढे इंग्रजीत ती 100 व्याला लागली, कारण अक्षरांचे आकडे जुळले. मराठीत आकडे जुळून भागत नाही. त्या चाली पुष्कळदा कमजोर ठोक्यावर सुरू होतात, तेव्हा आपल्या शब्दाचे पहिले अक्षर दबते आणि दुसरे उगाच ठासले जाते. दुसरे, लांब स्वराखाली ह्रस्व अक्षर आले की अर्थ फिरतो: ‘दिन’ ताणला की ‘दीन’ ऐकू येतो, ‘सुत’ ताणला की ‘सूत’. चाल लिहून झाल्यावर लांबवलेल्या प्रत्येक सुराखालचे अक्षर तपासावे. तिथे दीर्घ स्वरच हवा.

अहिराणीत रचायचे तर मराठी गीतावरून उतरवू नये, सरळ स्तोत्रावरून रचावे. ‘डोळा’चा ‘डोया’ आणि ‘तुझा’चा ‘तुना’ होताना अक्षरे तेवढीच राहतात, पण ‘आहे’ दोन अक्षरांचे आणि ‘शे’ एकच, त्यामुळे चरण लगेच लंगडतो आणि मग भरीला ‘रे’, ‘हो’ येतात. जात्यावरची ओवी इथे अभंगापेक्षा सोयीची. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या ओव्यांत आठ-आठ अक्षरांचे चरण किती सहज चालतात ते मोठ्याने म्हणून पाहावे, त्यांची बोली लेवा असली तरी. नवापूर-चिंचपाड्याकडे मावची किंवा कोकणी या आदिवासी बोली बोलणाऱ्यांसाठी मात्र त्या बोलीच्याच माणसाने लिहावे, बाहेरच्याने फक्त स्तोत्राचा अर्थ तपासून द्यावा.

ख्रिस्ताचे नाव घालावे का, हा प्रश्न येणारच. इंग्रज गीतकार आयझॅक वॉट्सने 1719 मध्ये स्तोत्रे उघडपणे नव्या कराराच्या भाषेत मांडली. 98 व्या स्तोत्रावरचे त्याचे गीत आज जगभर नाताळात गातात, स्तोत्रात नाताळ नसताना. त्याआधी जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने 46 व्या स्तोत्रावरच्या गीतात ख्रिस्ताचे नाव घेतलेच होते. दोन्ही वाटा जुन्या आहेत, पण एकाच गीतात मिसळू नयेत. नाव घ्यायचे तर शेवटच्या कडव्यात, आणि खाली ‘स्तोत्र 121 वर आधारित’ असे लिहावे. ‘स्तोत्र 121’ एवढेच लिहिले तर वाचणाऱ्याला ते भाषांतर वाटेल. आपल्या मुलखातल्या चालीतच रचणाऱ्यांचे काम डोळ्यांसमोर असावे: मराठीत ना. वा. टिळक (1861–1919) यांचे अभंग आणि भजने, पंजाबीत इमामुद्दीन शाहबाज यांची लोकचालींवरची स्तोत्रे.

पहिला खर्डा चार जणांना पेटीशिवाय गायला द्यावा. ते जिथे श्वास घेतात तिथे चरण संपत नसेल तर शब्द हलवावेत. तिसऱ्यांदा गातानाही कागदाकडे पाहावे लागत असेल तर ओळ अवघड आहे. छापताना गीतकार आणि चालकार वेगळे लिहावेत, चाल पारंपरिक असेल तर तसे लिहावे. सिनेमाच्या चालीवर शब्द बसवून पुस्तिका छापू नये, त्या चालीला मालक असतो. बायबल सोसायटीच्या भाषांतरातली वचने जशीच्या तशी छापायची तर परवानगी घ्यावी. पंडिता रमाबाईंचे भाषांतर त्या 1922 मध्ये वारल्यामुळे स्वामित्वहक्कातून केव्हाच मोकळे झाले आहे. कॅथलिक मंडळीकडे कागद जाणार असेल तर स्तोत्राच्या पहिल्या ओळीचा उल्लेखही करावा, कारण त्यांच्या काही जुन्या पुस्तकांत लॅटिन बायबलातले स्तोत्रक्रमांक आहेत आणि तिथे हे 121 वे स्तोत्र 120 वे असते.